भांडण एकच, मग कोर्टं दोन काबरं?

बांधाचं भांडण आमच्या अमळनेर-पारोळ्याकडे काय नवीन नाही, तुमच्याही घरात एखादं असेलच. आमचं झालं जून २०१९ ला, कपाशी लावायच्या ऐन टायमाला. ट्रॅक्टरवाल्यानं एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्त नांगरलं, एवढंच. मग शिव्या, मग काठ्या, काकांचं डोकं फुटलं नि समोरच्याचा हात मोडला. आमची फिर्याद ३०७ ची, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाची, लोक हाफ मर्डर म्हणतात ती, आणि त्यांची उलट फिर्याद ३२५ ची, म्हणजे गंभीर दुखापतीची. आमची गेली सेशनला, म्हणजे वरच्या कोर्टात, त्यांची राहिली खाली मॅजिस्ट्रेटकडे.

आणि सुरू झाली येरझार. काका सोमवारी मॅजिस्ट्रेटसमोर आरोपी म्हणून उभे, गुरुवारी सेशनला साक्षीदार म्हणून. तीच टोपी, तोच डोक्यावरचा व्रण, फक्त पिंजरा वेगळा. पुकारा झाला की ते दरवेळी मला विचारायचे, "भो, आज मी मारणारा की मार खाणारा?" हसायला यायचं पण त्यात खरी अडचण होती, एका साहेबांनी आमचं खरं धरलं नि दुसऱ्यांनी त्यांचं खरं धरलं तर? मारामारी तर एकच व्हयनी!

पहिल्या वकिलांनी तीन वर्षं नुसत्या तारखा घेतल्या, हे कधी बोललेच नाहीत. दुसऱ्यांनी फाईल बघितली नि म्हणाले, अहो ही क्रॉस केस आहे, एकाच मारामारीच्या एकमेकांवर दोन केसेस, दोन्ही एकाच जजसमोर पाहिजेत. मॅजिस्ट्रेटकडे अर्ज दिला, सीआरपीसी, म्हणजे फौजदारी खटले चालवायचा कायदा, त्याच्या कलम ३२३ खाली ती ३२५ ची केस पण सेशनला कमिट झाली, म्हणजे तिकडे पाठवली. ३२५ एकटी असती तर सेशनला गेली नसती, पण जोडीची केस तिथे आहे म्हणून पाठवता येते, सुप्रीम कोर्टानं २००१ च्या सुधीर केसमध्ये हेच सांगितलंय. (१ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी बीएनएसएस हा नवा कायदा आला, त्यात हे कलम ३६२ आहे.)

आता गावात सगळे म्हणायला लागले, "केसा एक झाल्या." झाल्या नाहीत! हे मलाही उशिरा कळलं. जज एक, पण फायली दोनच. आधी एका केसचे साक्षीपुरावे, युक्तिवाद, निकाल राखून ठेवायचा, मग दुसरीचं सगळं, आणि दोन्ही निकाल वेगवेगळे लिहून पण लागोपाठ द्यायचे. १९९० च्या नथीलाल निकालातली पद्धत आहे ही. चुलतभाऊ खूश होता की त्यांचा साक्षीदार तिकडे घसरला ते आपल्याला इकडे कामात येईल, वकील म्हणाले तसं नाही दादा, त्या फाईलमधलं त्या फाईलमध्येच, इकडे पाहिजे असेल तर इकडच्या उलटतपासात काढायचं. म्हणजे डॉक्टरसाहेबांनी पण दोनदा यायचं, जखमांचे दोन्ही दाखले त्यांचेच. नि त्यांची बदली झालेली.

आमचं एका गावातलं होतं म्हणून अर्जावर भागलं. जिल्ह्यातल्याच दुसऱ्या सेशन कोर्टात न्यायची असती तर जिल्ह्याच्या सेशन जजकडे, जळगावची धुळ्याला न्यायची तर औरंगाबाद खंडपीठात. जळगावचं घरकुल प्रकरण, नगरपालिकेच्या घरांच्या घोटाळ्याचं, नाही का धुळ्याच्या कोर्टात चाललं, २०१९ ला निकाल लागला तो, त्याची कारणं अर्थात वेगळी. आणि खरी कमाल नंदुरबारवाल्यांची. अर्धी भावकी सुरतेला, एक केस तिथे नि एक इथे, रेल्वेनं काही तासांचं अंतर, पण केस हलवायची तर राज्य बदलतं म्हणून अर्ज थेट दिल्लीला, सुप्रीम कोर्टात.

आमची ३०७ ची संपलीये, निकाल राखून ठेवलाय. आता त्यांची सुरू आहे. गुरुवारी डॉक्टर येणार आहेत असं ऐकतो, काकांनी टोपी धुवायला टाकलीये, म्हणतात या वेळी मी मारणारा आहे, जरा नीट दिसलं पाहिजे.