ऑक्युलसची प्रतिकृती : फासळ्यांआधी अक्ष

न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधील वाहतूक केंद्राची, म्हणजे वास्तुरचनाकार सॅन्तियागो कालात्रावा यांच्या ‘ऑक्युलस’ची, १:२०० प्रमाणातील माझी प्रतिकृती आता बैठकीच्या पुढे सरकली आहे. मूळ वास्तू सुमारे ३५० फूट लांब आणि मधोमध सुमारे ११५ फूट रुंद असल्याने लंबवर्तुळाकार बैठक ५३ सेंटीमीटर लांब व साडेसतरा सेंटीमीटर रुंद झाली. बैठक एमडीएफची (लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या फळीची) असून इमारतीचा सांगाडा घडवणाऱ्या कमानदार फासळ्या सनबोर्डच्या (फलकांसाठी वापरल्या जाणाऱ्या हलक्या प्लॅस्टिक फळीच्या) आहेत, आणि त्या सोलापुरातच नामफलक तयार करणाऱ्या एका दुकानात राउटरवर (फिरत्या पात्याच्या कापणी यंत्रावर) कापून घेत आहे. सनबोर्ड पीव्हीसीचा असतो व लेझरने जळताना विषारी वायू सोडतो, म्हणून तो लेझरवर देऊ नये.

फासळ्या उभ्या करण्यापूर्वी मी सर्वाधिक वेळ अक्षाला दिला, कारण माझ्या मते या वास्तूतील स्मारक तेथेच आहे. आपल्याकडे सोलापुरात स्वातंत्र्यलढ्यात १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांची स्मृती चौकात पुतळ्यांच्या रूपाने उभी आहे. पाहणाऱ्याला कोणाचे स्मरण करायचे ते लगेच कळते. ऑक्युलसमध्ये तसे काही नाही. वर्ल्ड ट्रेड सेंटरवरील दहशतवादी हल्ल्यातील मृतांची नावे जवळच्या जलकुंडांच्या कठड्यांवर कोरलेली आहेत, तर येथे रोजच्या प्रवाशांची ये-जा चालते. मात्र ११ सप्टेंबर २००१ रोजी उत्तरेकडील मनोरा ज्या वेळी कोसळला, त्या सकाळी १० वाजून २८ मिनिटांच्या सूर्याच्या दिशेला इमारतीचा अक्ष जुळवलेला आहे, आणि छताच्या कण्यावरून जाणारी काचेची लांब फट उघडता येते. आठवण दगडात न ठेवता दिशेत ठेवण्याचा हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

माझ्या गणिताप्रमाणे त्या दिवशी त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये सूर्य आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ४१ अंशांवर असतो. आतील उंची सुमारे १६० फूट, म्हणजे प्रतिकृतीत २४ सेंटीमीटरहून थोडी अधिक आहे. त्यामुळे प्रकाशाचा पट्टा फटीच्या बरोबर खाली न पडता मधल्या भागात सुमारे २८ सेंटीमीटर पुढे सरकतो आणि त्याचा बराच भाग टोकाकडच्या भिंतीवर चढतो. अक्ष ५ अंशांनी जरी हलला, तरी पट्टा सुमारे अडीच सेंटीमीटर बाजूला जातो, आणि एवढ्या अरुंद बैठकीत तो फरक नजरेत भरतो. चाचणीसाठी टेबलावरचा दिवा मी टाळला, कारण त्याचे किरण पसरतात. सोलापुरात सप्टेंबरच्या त्याच सुमारास सकाळी नऊ-सव्वानऊला सूर्य याच उंचीवर येतो, तेव्हा ढग नसतील तर प्रतिकृती गच्चीवर नेऊन अक्ष सूर्याकडे वळवणे पुरेसे आहे.

फासळ्यांबाबत एक निर्णय घ्यावा लागला. २००४ साली मांडलेल्या आराखड्यात फासळ्यांचे छताबाहेर झेपावणारे पंख हलतील अशी कल्पना होती; पुढे खर्चामुळे ती सोडून केवळ छताची फट उघडती ठेवण्यात आली, आणि सुरक्षेच्या विचाराने पोलादी फासळ्यांची संख्या वाढवून काच कमी करण्यात आली. मूळ रेखाटनांची हलकी ठेवण मोहक आहे, तरीही मी २०१६ साली खुली झालेली, दाट फासळ्यांचीच वास्तू करीत आहे. दाट फासळ्यांमुळे बाजूंचा उजेड पातळ उभ्या रेषांत विभागला जातो आणि मधली सलग फट वेगळी उठून दिसते.

सध्या फटीच्या दोन्ही बाजूंच्या कमानदार तुळया बसवल्या आहेत व एका टोकाकडून फासळ्या चिकटवीत आहे. बैठकीच्या वक्रतेमुळे प्रत्येक फासळीचा आकार शेजारणीपेक्षा थोडा निराळा असतो, म्हणून तुकड्यांवर कापतानाच क्रमांक लिहून घेतले आहेत. बाहेरचे पंख मी शेवटी जोडणार आहे, कारण ते आधी लावले तर आतील पांढऱ्या संगमरवरी फरशीचे काम करायला हात पोहोचत नाही.