आमची वाटचाल : नक्षी की नकाशा?

तीसएक वर्षांपूर्वी वडिलांनी साताऱ्यात पत्र्याच्या शेडमध्ये देव्हारे करायला घेतले. चार पटाश्या, त्यातली एक गोल, आणि लाकडी हातोडा, एवढंच भांडवल. बोर्ड रंगवायला दिला, तर पेंटरने 'नक्षीकाम'ऐवजी 'नकाशाकाम' लिहून आणलं. पैसे देऊन झालेले, म्हणून वडिलांनी तो तसाच टांगला. आठवड्याच्या आत एक जण सातबारा घेऊन हजर! "घराचा प्लॅन काढून पाहिजे."

पेंटर तसा फार चुकला नव्हता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. दोन्ही शब्द एकाच घरातले. अरबी 'नक्श' म्हणजे कोरणं, रंगवणं, उमटवलेली आकृती. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. लाकडावर उतरला ती नक्षी, कागदावर उतरला तो नकाशा. इराणात पर्सेपोलिसजवळ कड्यात राजांची शिल्पं कोरलेली आहेत, त्या जागेचं नाव नक्श-ए-रुस्तम. तुर्कांनी मात्र हाच शब्द भरतकामाला लावला. आणि आपण एखाद्याचा नक्षा उतरवतो, तोही याच कुळातला. 'कोरीव काम' म्हटलं की गिऱ्हाइकाला देवळाचे खांब आठवतात. देव्हाऱ्याला त्याला नक्षीच लागते.

वडील वेल आधी बटर पेपरवर काढायचे. मग रेषेवर टाचणीने जवळजवळ भोकं. कागद सागाच्या फळीवर ठेवून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी हलकेच आपटायची. कागद उचलला की फळीवर काळ्या ठिपक्यांची वेल. या कागदाला ते खाका म्हणत. खाक म्हणजे धूळ, राख. 'जळून खाक' मधला तोच. पंखा चालू राहिला तर अख्खी वेल उडून जायची, त्यावरून मी बोलणी खाल्लीत.

सहा वर्षांपूर्वी कर्ज काढून सीएनसी राउटर, म्हणजे संगणकावर चालणारं कोरायचं मशीन, घेतला. पहिल्याच मोठ्या कामात सागाच्या गाठीवर बिट, म्हणजे त्याचं फिरतं पातं, तुटलं आणि फळी वाया गेली. गाठ मशीनला दिसत नाही. शिवाय बिट गोल फिरतं, त्यामुळे साध्या सरळ बिटाला आतला टोकदार कोपरा निघत नाही. तो अजून वडीलच पटाशीने काढतात, चष्मा कपाळावर सरकवून.

बोर्ड आता फ्लेक्सचा आहे, 'नक्षीकाम' शुद्ध लिहिलेलं. जुना पत्रा शेडच्या गळक्या कोपऱ्यावर टाकलाय.