सेगामा ते आरान्तसासू: पाट्यांपेक्षा नावांवर भिस्त ठेवा

स्पेनच्या बास्क प्रदेशातलं सेगामा-ओत्साउर्ते नावाचं रेल्वे स्टेशन सेगामा गावात नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. ते ओत्साउर्तेच्या खिंडीशी आहे, गावापासून आठेक किलोमीटर लांब आणि तीनशेहून अधिक मीटर उंच. तिकिटावर गावाचं नाव दिसतं, म्हणून माणूस निर्धास्त उतरतो आणि बाहेर येऊन बघतो तर रस्ता, रान आणि धुकं. गावात मुक्काम असेल तर दोनोस्तियाहून, म्हणजे सान सेबास्तियानहून, लोकलनं बेआसाइनला उतरा आणि तिथून लुर्राल्देबस या प्रांतीय बससेवेची गाडी धरा. बसमध्ये रोख पैसे देऊन तिकीट काढलं तर ते महाग पडतं, मुगी या प्रवासकार्डावर स्वस्त. कार्ड दोनोस्तियातच घेऊन ठेवा. उलट गावात मुक्काम नसेल आणि थेट डोंगरच चढायचा असेल, तर ओत्साउर्तेचं स्टेशन सोयीचं आहे. तिथं साडेसहाशे मीटर उंचीवरच उतरता आणि जंगलवाटेनं सान आद्रियानच्या बोगद्यापर्यंतचा चढ निम्म्यावर येतो. मात्र तिथं थांबणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत. आदल्या रात्री वेळापत्रक बघितल्याशिवाय निघू नका.

सेगामा हे गिपुस्कोआ प्रांताच्या दक्षिण टोकाचं, ओरिया नदीच्या उगमाकडचं गाव. वस्ती दीड हजाराच्या आसपास, उंची तीनशे मीटर. डोक्यावर आयस्कोरीची चुनखडीची भिंत. ही भिंत ओलांडून पलीकडे उर्बियाच्या माळावर आणि तिथून आरान्तसासूच्या मठाशी उतरणं, हा एक दिवसाचा मार्ग. सगळीकडे तो ‘मध्यम’ म्हणून लिहिलेला सापडतो. कोरड्या दिवशी मध्यम, ओल्या दिवशी कठीण आणि धुक्यात करू नये असा, हे माझं मत. आणि बिस्केच्या उपसागराकडून येणारे ढग याच भिंतीला अडतात. खाली सिरिमिरी, म्हणजे इथली बारीक भुरभुर, चालू असेल तर वर काहीही दिसणार नाही हे गृहीत धरा.

नकाशाबद्दल आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जुन्या कागदांवर गावाचं नाव ‘सी’नं सुरू होतं, आता ‘झेड’नं. बास्क भाषेच्या अकादमीनं १९६८ मध्ये याच आरान्तसासूला बैठक घेऊन प्रमाण लेखनाची दिशा ठरवली, आणि पुढच्या दशकांत अधिकृत नावंही बास्क रूपात आली. फोनमध्ये शोधताना झेडचं रूप टाका. झेडचा उच्चार ‘स’, ‘टीएक्स’चा ‘च’, नुसत्या ‘एक्स’चा ‘श’. वाट विचारताना हे जमलं तर माणसं लगेच मदतीला येतात. दोन नावांच्या गावांत मात्र घोटाळा होतो: स्टेशनवर साल्वातिएरा तर बसवर आगुराइन, इकडे आल्सासुआ तर तिकडे आल्तसासू. गाव एकच. दोन्ही नावं लिहून खिशात ठेवा.

डोंगरावरची नावं मात्र सहसा फसवत नाहीत, कारण ती मेंढपाळांनी जमीन बघून ठेवलेली आहेत. ‘आयत्स’ म्हणजे कातळ. आयस्कोरीतला ‘गोर्री’ लाल तसाच उघडाबोडकाही, म्हणजे वर झाड नाही, आडोसा नाही. आयचुरी म्हणजे पांढरा कातळ, आणि पांढरा कातळ ओला झाला की काय होतं ते पुढे येतंच आहे. नावात ‘आते’ असेल तर खिंड. सान आद्रियानच्या बोगद्याचं जुनं नाव लिसार्राते, अॅश झाडांची खिंड. ‘लेपो’ हीसुद्धा खिंडच. ‘इतुर्री’ म्हणजे झरा, ‘एर्रेका’ ओढा, ‘पागो’ बीचचं झाड, ‘सेलाई’ कुरण. ‘सुलो’ आणि ‘लेसे’ दिसले तर सावध व्हा: खड्डा, विवर. धुक्यात वाट हरवली तर ‘सुलो’ आणि ‘लेसे’ लिहिलेल्या भागाकडे एक पाऊलही टाकू नका. आणि नकाशावर इतुर्री आहे म्हणून उन्हाळ्याअखेर पाणी असेलच असं नाही. चुनखडी पाणी गिळते. बोगद्यापासून उर्बियापर्यंत पाण्याचा भरवसा नाही, दोन लिटर गावातूनच भरून घ्या, ऊन असेल तर तीन.

गावाबाहेर पत्ता म्हणजे घराचं नाव. ‘बासेर्री’, म्हणजे शेतघर, प्रत्येकाला स्वतःचं नाव, आणि कित्येक आडनावं या घरांवरूनच आलेली. एचेबेर्रिया म्हणजे नवं घर. वाडीतल्या मुक्कामाचं बुकिंग करताना घराचं नाव आणि ‘आउसो’, म्हणजे वाडी, दोन्ही लिहून घ्या. फोनचा नकाशा वाडीच्या मध्यावर सोडतो आणि घर दीड किलोमीटर वर चढणीला असतं. मे महिन्यात सेगामा-आयस्कोरी मॅरेथॉन असते, २००२ पासूनची, ४२ किलोमीटर आणि २७३६ मीटर चढ. त्या आठवड्यात खोली मिळणं अशक्य, मिळाली तर भाव भलतेच. तो आठवडा टाळा.

निघण्याआधी गावातलं सान मार्तिनचं चर्च बघा, पंधरा मिनिटं पुरतात. तिथं तोमास सुमालाकार्रेगीचं स्मारक आहे. पहिल्या कार्लिस्ट युद्धात, स्पेनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या डॉन कार्लोसच्या फौजेचा हा सेनापती, जन्म जवळच्याच ओर्मायस्तेगीचा. बिल्बाओच्या वेढ्यात जून १८३५ मध्ये पायाला गोळी लागली. जखम तशी जीवघेणी नव्हती. त्याला या डोंगराळ मुलखात आणलं, डॉक्टरांच्या जोडीला पेत्रिकियो नावाचा गावठी वैदूही होता, आणि २४ जूनला सेगामातच तो गेला. त्याच्यामागे कार्लोसच्या बाजूला तसा सेनापती मिळाला नाही. ओर्मायस्तेगीला त्याच्या नावाचं संग्रहालय आहे, पाऊस लागून राहिला तर तो दिवस तिथं घालवा.

सान आद्रियानपर्यंतचा चढ सातशे मीटरचा. पिवळे बाण धरा, हा इरुनहून आगुराइनकडे जाणारा सांतियागोचा यात्रामार्ग आहे. लाल-पांढरे पट्टे लांब पल्ल्याच्या वाटांचे, पिवळे-पांढरे स्थानिक. आधी बासेर्र्यांमधून काँक्रीटचा रस्ता, तोच सर्वात कंटाळवाणा आणि पोटऱ्या भरून आणणारा, मग रान. तीन तास धरा. काँक्रीटवर घाई केली की वरच्या कातळावर पाय थरथरतात, आणि ते तिथं परवडत नाही.

बोगदा साधारण हजार मीटर उंचीवर आहे. तो नैसर्गिक गुहेचाच, साठ-सत्तर मीटर आरपार, आत छोटं देऊळ, एका तोंडाशी जुन्या तटाची कमान. गिपुस्कोआ १२०० मध्ये कॅस्टिलच्या राजाकडे गेल्यावर फ्रान्सकडचा राजमार्ग इथून जाऊ लागला. दहाव्या आल्फोन्सोनं १२५६ मध्ये खालचं सेगुरा वसवलं ते याच वाटेवर नजर ठेवायला. सेगामाही पुढे सेगुराच्याच अधिकाराखाली होतं, १६१५ मध्ये ते स्वतंत्र गाव झालं. सम्राट पाचव्या कार्लनं आयुष्यात मान वाकवली ती फक्त या बोगद्यातून जाताना, अशी दंतकथा इथं सांगतात. अठराव्या शतकात घोडागाड्यांचा रस्ता दुसरीकडून निघाला, १८६४ मध्ये माद्रिद–इरुन रेल्वे पूर्ण झाली, आणि खिंड मेंढपाळांना आणि यात्रेकरूंना परत मिळाली. बोगद्याभोवतीची जमीन आजही एका गावाची नाही. पार्त्सोनेरिया म्हणतात त्या सामाईक मालकीत सेगामा, सेगुरा, इदियासाबाल, सेराइन आणि पलीकडच्या आराबा प्रांतातली गावं आहेत. म्हणून वाटेत फाटकं लागतात. उघडाल तसं लावा, गुरं आणि मेंढ्या सगळ्यांच्या चरतात.

आता ‘रोमन रस्ता’. बोगद्याच्या आराबाकडच्या बाजूला दगडी फरसबंदीची वाट आहे, तिला सर्रास रोमन म्हणतात. ती रोमन नाही. आस्तोर्गाहून बोर्दोला जाणारा रोमन मार्ग दक्षिणेला, आराबाच्या सपाटीवरून जात होता. ही फरसबंदी मध्ययुगातली आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांची. चालणाऱ्याला याचं काय? तर हे, की लोक ‘रस्ता’ ऐकून हलके बूट घालून येतात. शेकडो वर्षं खुरांनी आणि चाकांनी घासलेले हे दगड, वर बीचचा ओला पाला, खाली शेवाळ: पाय ठेवला की ओल्या साबणाच्या वडीसारखा सटकतो. फरसबंदीच्या मधून चालूच नका, कडेची माती धरा. काठ्या असतील तर टोकावरचं रबर काढून ठेवा, ओल्या दगडावर रबर घसरतं.

बोगद्यापासून आयस्कोरीच्या माथ्यापर्यंत पाचशे मीटर चढ, दीड ते दोन तास. जंगल संपेपर्यंत वाट उभी पण सरळ आहे. माथा १५२८ मीटर, वर ख्रिस्ताचं छोटं देऊळ आणि शेजारी आसऱ्याची खोली. इथं थांबा, खा, आणि ठरवा. कारण या मार्गाचा खरा वाईट टप्पा इथून पुढे आहे आणि त्याबद्दल कुणी धड लिहीत नाही.

आयस्कोरी ते आयचुरी ही धार जेमतेम दीड किलोमीटर, मध्ये आकेतेगी शिखर. आयचुरी १५५१ मीटर, गिपुस्कोआतलं सर्वोच्च शिखर. नकाशावर अर्ध्या तासाचं वाटतं, लागतो एक तास, ओल्यात दीड. उजवीकडे सेगामाचा कडा सरळ तुटलेला. डावीकडे पाण्यानं खाल्लेली चुनखडी: धारदार कंगोरे, मांडीएवढ्या फटी, गवतानं झाकलेले खड्डे. सह्याद्रीच्या काळ्या कातळाची सवय असलेल्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. आपला बेसॉल्ट खरखरीत असतो, ओला असला तरी शेवाळ नसेल तिथं बूट धरतो. चुनखडी हजारो पावलांनी चकचकीत होते आणि ओली झाली की अजिबात धरत नाही. जिथं दगड पांढराशुभ्र आणि गुळगुळीत दिसतो, तिथूनच सगळे गेलेले असतात, आणि तिथंच घसरतात. पाय करड्या, खरबरीत भागावर ठेवा. दोन-तीन ठिकाणी हात लावावे लागतात, तेव्हा काठ्या सॅकला बांधा, मनगटाला लटकवू नका.

धुक्यात इथं चूक ठरलेली असते. कड्याची भीती वाटते म्हणून माणूस डावीकडे सरकत जातो, खुणा सुटतात, आणि उर्बिया तर खालीच आहे असं म्हणून उतरू लागतो. खाली विवरांचा भुलभुलैया आहे. प्रत्येक खळग्यात वाट असल्यासारखं दिसतं, ती मेंढ्यांची असते. रंगाची एक खूण दिसली की पुढची दिसेपर्यंत पहिली सोडू नका. दोघं असाल तर एकानं खुणेशी उभं राहावं, दुसऱ्यानं पुढची शोधावी. मार्गाची फाइल फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. आणि साधी गोष्ट: माथ्यावरच्या देवळाशी उभं राहून आकेतेगी दिसत नसेल तर धारेवर जाऊच नका. देवळापासून उर्बियाला थेट उतरणारी नेहमीची वाट आहे, ती घ्या, किंवा बोगद्याकडे परत फिरा. आयचुरी चुकल्यानं काही बिघडत नाही. अडचणीत ११२ ला फोन करा.

आयचुरीवरून उर्बियाला उतरायला सव्वा तास, गुडघ्यांची परीक्षा. उर्बियाचा माळ सुंदर आहे, लाचा जातीच्या मेंढ्या, मेंढपाळांच्या झोपड्या, खानावळ. खानावळीचे दिवस ऋतूप्रमाणे बदलतात, जेवण तिच्यावर अवलंबून ठेवू नका. शाकाहारींसाठी दोन सूचना. काळ्या घेवड्याच्या उसळीत बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं, बटाट्याचं ऑम्लेट मागा, नाहीतर डबा न्या. आणि इदियासाबाल चीज मेंढीच्या कच्च्या दुधाचं, किमान दोन महिने मुरवलेलं, पण विरजण परंपरेनं कोकराच्या जठरातलं असतं. ज्यांना चालतं त्यांनी ते पर्यटकांच्या दुकानातले पातळ काप न घेता अख्खं किंवा अर्धं चाक घ्यावं, वर क्रमांकाची चकती आहे का बघून. कापांच्या पाकिटात किलोमागे फार जास्त पैसे जातात.

उर्बिया ते आरान्तसासू रुंद वाट, सव्वा तास, काही सांगण्यासारखं नाही. मठाचं नवं देऊळ १९५० च्या दशकातलं, दर्शनी भिंतीवर शिल्पकार ओतेइसाचे चौदा प्रेषित, दरवाजे शिल्पकार चियीदाचे. बघाच, पण संध्याकाळी पोचलात तर आधी परतीचं ठरवा. आरान्तसासूहून खालच्या ओन्याती गावापर्यंत नऊ किलोमीटर डांबरी रस्ता आहे आणि रोजच्या बसवर विसंबता येत नाही. दमलेल्या माणसाकडून टॅक्सीवाला काय मागेल याला धरबंध नाही. रविवार आणि सुट्टीचा वाढीव दर खरा असतो, पण ‘डोंगरावर यावं लागलं’ म्हणून वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. ओन्यातीहून गाडी सकाळीच फोनवर ठरवा, रिकाम्या येण्याच्या फेरीसकट एकूण आकडा विचारा, तो संदेशात लिहून घ्या, आणि वेळ आठ तासांच्या चालीवर दोन तास जास्त धरून सांगा.