दोऱ्याचं टोक

वारीत दिवे घाट झाला, जेजुरीला भंडारा झाला. लिहायचंय ते तरडगावच्या अलीकडच्या रस्त्याबद्दल आणि डाव्या टाचेवरच्या बोराएवढ्या फोडाबद्दल.

चूक माझीच. माउलींच्या पादुकांच्या नीरास्नानाच्या दिवशी मीही पाय बुडवले आणि ओल्याच पायांवर मोजे चढवले. ओली कातडी मऊ पडते, मग वाळूचे चार कण पुरतात. चांदोबाच्या लिंबापर्यंत टाच पेटली. तिथे उभं रिंगण, दोन रांगांमधून घोडे धावतात ते; मला पताकांचे शेंडे तेवढे दिसले. वर कुणाचा तरी कर्कश भोंगा. संताप येत होता आणि तोंडाने ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ चालूच.

पाण्याच्या टँकरपाशी परभणीकडच्या एक मावशी मागे राहिल्या होत्या. “बस खाली, माउली.” पिशवीतून सुई निघाली, पांढरा सुती दोरा निघाला. रंगीत नको, रंग जखमेत उतरतो. नायलॉनचा पाणी ओढत नाही. सुई काडीवर तापवून निववली. फोडाच्या माथ्यावर नाही, बुडाशी टोचली. एका अंगाने आत, दुसऱ्या अंगाने बाहेर. दोन्हीकडे दोन बोटं दोरा ठेवून तोडला. भोक बुजत नाही, पाणी झिरपत राहतं.

“वरचं कातडं सोलू नको. तेच झाकण हाय.”

उठले तर मला कडेला ढकलून गाड्यांच्या अंगाला त्या स्वतः.

लहानपणी शाळेच्या वाटेवर वीटभट्टीची कुत्री होती. त्या अंगाला कायम माझी मैत्रीण, आतून मी. पळायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, दगड उचलल्यासारखं नुसतं वाकायचं. खरा मारलास तर उद्या तेच कुत्रं वाट बघतं, हे तिचं शास्त्र. काटा मोडला की बाभळीच्याच काट्याने उकरायची, वर रुईचा चीक. “हात डोळ्याला लावलास तर बघ!” चिकाने डोळा खरंच सुजतो. सातवीनंतर तिची शाळा सुटली. लग्नाला मी गेले नाही, परीक्षा होती. ती गेल्याचंही मला चार महिन्यांनी कळलं.

पालखीतळावर डॉक्टरांनी दोरा ओढून काढला, वर ओरडले: दोऱ्यावाटेच जंतू आत जातात. धुऊन पट्टी बांधली. त्यांचं बरोबरच असणार. कातडं मात्र त्यांनीही सोललं नाही.

मावशींची दिंडी पालखीच्या रथापुढची, आमची मागची. फलटणला शोधलं, नाही सापडल्या. मोज्यांचा दुसरा जोड आता प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरडा.