सेर्गियेव पोसादच्या मठात एक सकाळ

मॉस्कोच्या यारोस्लाव्स्की स्टेशनावरून लोकल पकडली आणि साधारण दीड तासात सेर्गियेव पोसादला उतरलो. लाल चौकातलं रंगीत घुमटांचं चर्च आदल्या दिवशी पाहिलं होतं, पण ते मुख्यतः संग्रहालय. नांदतं देवस्थान बघायचं असेल तर इथे या. 14व्या शतकात संत सेर्गी रादोनेझ्स्की यांनी इथल्या जंगलात छोटं लाकडी चर्च उभारलं, त्याचा पुढे हा रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचा मठ झाला. सोव्हिएत राजवटीत 1920 साली तो बंद केला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 साली, पुन्हा उघडला.

बायकांनी डोक्याला रुमाल बांधायचा आणि गुडघ्याखाली येणारा घागरा किंवा स्कर्ट घालायचा. पंजाबी ड्रेस आणि ओढणीवर आमच्या हिचं भागलं. उलट पुरुषांनी टोपी काढायची. चपला-बूट मात्र पायातच ठेवायचे, आपले हात सवयीने बुटांकडे जातात! वसईच्या चर्चमधल्यासारखी बाकांची रांग नाही, सगळे उभे. म्हाताऱ्यांसाठी भिंतीलगत थोडी बसायची सोय असते. खिशात हात घालू नका, आणि प्रार्थना चालू असताना लोकांच्या आणि वेदीच्या मधून जाऊ नका. क्रूसाची खूण करताना आधी उजवा खांदा, मग डावा, म्हणजे कॅथलिकांच्या उलट. आपण ती नाही केली तरी कोणी काही म्हणत नाही.

मठातलं पवित्र त्रैक्याचं (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) दगडी चर्च 1422 साली बांधायला घेतलं. लहानसं, आत काळोख. संत सेर्गींच्या अस्थी चांदीच्या पेटीत आहेत आणि तिच्यापर्यंत रांग हळूहळू सरकते. पेटीपाशी माणूस दोनदा वाकतो, कपाळ टेकतो, ओठ लावतो, पुन्हा वाकतो आणि बाजूला होतो. वाद्य एकही नाही. नुसत्या गळ्यातून निघालेलं गाणं चालू होतं, एक जण थांबला की दुसरा उचलून धरायचा. रांगेतले लोकही हळू आवाजात साथ देत होते. मला पंढरपूरच्या पदस्पर्शाची रांग आठवली आणि गळा दाटून आला.

आईसाठी मेणबत्ती घेतली आणि समोर दिसलेल्या चौकोनी तबकात लावायला गेलो. शेजारच्या आजींनी माझं मनगट धरलं. त्या तबकाच्या टोकाला छोटा क्रूस होता, म्हणजे ती जागा गेलेल्या माणसांची. आजींनी मला गोल तबकाकडे नेलं, मेणबत्तीचं बूड ज्योतीवर धरून मऊ केलं आणि नीट रोवून दिलं. जिवंत माणसासाठी गोल, गेलेल्यासाठी चौकोनी, एवढं पक्कं ध्यानात ठेवा. प्रार्थनेत वाचण्यासाठी चिठ्ठीवर नावं लिहून देण्याची पद्धत फक्त बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे, आपण मेणबत्तीच लावावी.

खाण्याचं सांगतो, कारण शाकाहारी मंडळींना हे फार उपयोगी आहे. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपास पुष्कळ: वर्षभरात बहुतेक बुधवार-शुक्रवार, शिवाय ईस्टरआधी जवळपास सात आठवडे. आपल्या उपासाला दूध चालतं, त्यांच्या उपासाला मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य. ‘पोस्त्नोये’ (म्हणजे उपासाचं) म्हणून मागा. काही दिवशी मासे चालतात, तेवढं विचारून घ्या. कोबीची आणि मशरूमची पिरोझ्की (सारण भरलेले छोटे पाव) गरम मिळाली.

आपली बँक कार्डं तिथे चालत नाहीत, रूबल रोख न्या. आणि जमलं तर शनिवारी संध्याकाळी थांबा. प्रार्थना दोन-तीन तास चालते, पायांत मऊ बूट हवेत.