वरून धड, खालून टोटल लॉस

नाशिकमधल्या अंबडच्या वर्कशॉपमध्ये त्या गाडीभोवती मी एक पूर्ण फेरी मारली आणि सुपरवायझरला विचारलं, "क्लेमची गाडी कुठंय?" समोर हिरव्या नंबरप्लेटची पांढरी इलेक्ट्रिक गाडी उभी होती. पत्र्यावर ओरखडा नाही, बंपर जागेवर, काचा जागेवर, दारं एका बोटाने लागत होती. मागच्या काचेवर सप्तशृंगीचं स्टिकर होतं.

"हीच," तो म्हणाला. "लिफ्टवर घेतो, मग दिसेल."

गाडी वर गेली आणि दिसलं. पोटाखालचं प्लास्टिकचं कव्हर फाटून लोंबत होतं, आणि त्याच्या आत बॅटरी पॅकच्या तळाला, पुढच्या डाव्या कोपऱ्यात, तळहाताएवढा पोचा आला होता. पट्टी लावून मोजला, सगळ्यात खोल जागी 14 मिलिमीटर. नुकसान म्हणायचं तर एवढंच.

मोटार सर्व्हेयरचं, म्हणजे विम्याच्या क्लेमसाठी गाडीचं नुकसान मोजायचं काम मी 19 वर्षं करतोय. कसारा घाटात उलटलेले ट्रक पाहिलेत, गोदावरीच्या पुरात छतापर्यंत बुडालेल्या गाड्या पाहिल्यात. गाडी बघितली की खर्च किती येईल आणि रेक, म्हणजे मोडकी गाडी, कितीला जाईल याचा अंदाज पाच मिनिटांत डोक्यात तयार होतो. त्या दिवशी तो झाला नाही.

गाडी एका जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडमची होती. आईवडिलांना घेऊन सप्तशृंगीच्या गडावर गेल्या होत्या. उतरताना नांदुरीच्या घाटात वळणावर दरडीतून आलेला दगड रस्त्यात पडलेला. समोरून एसटी, डावीकडे कठडा. दगड दोन चाकांच्या मधून घ्यावा म्हणून त्यांनी गाडी सरळ नेली. पेट्रोलच्या गाडीत हीच चाल बऱ्याचदा निभावते, फार तर सायलेन्सर किंवा ऑइलचा चेंबर फुटतो. इथं चेंबरच्या जागी पॅक होता. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, शे-दोनशे मीटरवर गाडी थांबली. आईवडिलांना काही लागलं नाही, हे त्यांनी मला फोनवर दोनदा सांगितलं.

वर्कशॉपचं इस्टिमेट आलं. 18 टक्के जीएसटीसह नवीन पॅक 7 लाख 10 हजार. कूलंटच्या नळ्या, खालचं कव्हर, आडवा बार, मजुरी मिळून आणखी 1 लाख 5 हजार. एकूण 8 लाख 15 हजार.

आता नियम असा आहे. नवीन गाडी 15 लाखांची, विमा नूतनीकरणाच्या वेळी तिला दोन वर्षं उलटलेली, म्हणून 30 टक्के घसारा जाऊन आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, 10 लाख 50 हजार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉसमध्ये जाते, म्हणजे ती दुरुस्त न करता मालकाला आयडीव्हीप्रमाणे पैसे मिळतात. 75 टक्के म्हणजे 7 लाख 87 हजार 500. आपण त्याच्या 27 हजार 500 रुपये पुढे होतो. बॅटरीसाठी वेगळं विमा-संरक्षण मॅडमनी घेतलेलं असल्यामुळे पॅकवरचा घसाराही कापायचा नव्हता, पूर्ण रक्कमच हिशेबात धरायची होती.

"पॅक उघडून फक्त खराब मॉड्युल बदलता येणार नाही का?" मी विचारलं. मॉड्युल म्हणजे पॅकमधला सेलचा एक गट. सुपरवायझरने मान हलवली. केसिंगला मार लागला असेल तर पॅक उघडायचा नाही, अख्खा बदलायचा, असं कंपनीचं लेखी धोरण होतं. मी ईमेल टाकला, तेच उत्तर परत आलं. हे धोरण मला चुकीचं वाटतं आणि तसं मी रिपोर्टमध्ये लिहिलंही. सुरक्षेची काळजी मला समजते. पण आत नेमकं काय झालंय हे न बघता अडीचशे किलोच्या वरचा पॅक बाद ठरवायचा आणि त्याच्यामागे धडधाकट गाडी बाद करायची, हे पटण्यासारखं नाही.

मॅडमना सांगायची वेळ आली तेव्हा त्या वर्कशॉपमध्येच आल्या होत्या. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाल्या, "सर, हिला तर काहीच झालेलं नाही. टोटल लॉस कशी?" मी त्यांना लिफ्टखाली नेऊन पोचा दाखवला. बराच वेळ त्या वर बघत उभ्या राहिल्या.

यापुढचं काम सॅल्व्हेजचं. म्हणजे ही गाडी आहे त्या अवस्थेत बाजारात किती किमतीची आहे ते ठरवायचं. पेट्रोल-डिझेलच्या गाडीचं गणित आम्हाला पाठ असतं. इंजिन, गिअरबॉक्स, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम असतं, म्हणून तो एकटाच भाव खाऊन जातो), दारं, लाइट, सीट. इलेक्ट्रिक गाडीत यातली पहिली तीन नावं नाहीतच. त्यांच्या जागी मोटर, इन्व्हर्टर, गाडीतला चार्जर आणि पॅक. आणि नवीन गाडीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा त्या पॅकचा.

बोली मागवल्या. सगळ्यात वरची बोली आली मोडीतल्या गाड्या घेणाऱ्या मालेगावच्या चाचांची, 2 लाख 10 हजार. बाकीच्या दोन दीड-पावणेदोनच्या आसपास. चाचांचा या धंद्यातला हात चाळीस वर्षांचा आहे आणि सॅल्व्हेज मी त्यांच्याकडूनच शिकलोय. म्हणून फोन लावला.

"चाचा, बॉडीला एक डेंट नाही, आणि दोन दहा?"

"साहेब, बॉडीचेच दोन दहा लावलेत. याच मॉडेलची पेट्रोल गाडी रस्त्यावर ढिगाने आहे. दारं, हेडलाइट, काचा, एसी, सीट तिला चालतात, माल महिन्यात उठेल. मोटर आणि इन्व्हर्टरचा भरोसा नाही. दुसऱ्या गाडीत बसवले तर कंपनीच्या लॅपटॉपशिवाय गाडी त्यांना ओळखत नाही. आणि बॅटरीचे मी शून्य धरलेत. शून्याच्या खालीच म्हणा."

"मग पॅकचं काय करणार?"

चाचा थोडं थांबले. "पोरं कापतील. तांबं, ॲल्युमिनियम काढतील."

"कशाने कापतील?"

"गॅस कटरने. दुसरं आहे काय आमच्याकडे?"

फोन ठेवला आणि मी हिशेब मांडला. पॅक 30 किलोवॅट-तासांचा. गाडी थांबली तेव्हा चार्ज 61 टक्के. म्हणजे आत 18 युनिट वीज, एका मध्यम घराची तीन दिवसांची. 320 व्होल्टने भरलेली ती पेटी, आणि चाचांच्या यार्डात त्यावर चालणारी ज्योत. ती पोरं मी पाहिलेली आहेत. त्यातला एक तर सतरा-अठराचा असेल, पायात स्लिपर.

त्या रात्री रिपोर्ट पुरा करायला बसलो होतो. सॅल्व्हेजच्या रकान्यात 2,10,000 लिहिलं आणि खोडलं. बोली नियमाप्रमाणे आलेली होती, कुणी मला विचारलं नसतं. पण जी वस्तू सगळ्यात महाग तिची अवस्थाच कुणी तपासली नव्हती. मीही नाही. इंजिन असतं तर डिपस्टिक काढून तेल बघितलं असतं, कॉम्प्रेशन तपासलं असतं. इथं मी बाहेरचा पोचा मोजून घरी आलो होतो.

सकाळी विमा कंपनीला फोन करून चार दिवसांची मुदत मागितली आणि वर्कशॉपच्या इलेक्ट्रिक विभागातल्या तंत्रज्ञाला धरलं. तिशीच्या आतला मुलगा, पण शिस्तीचा. मार लागलेला पॅक काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पेट घेऊ शकतो, म्हणून त्याने गाडी पहिल्याच दिवसापासून, लिफ्टवर घेण्याची वेळ सोडली तर, मागच्या मोकळ्या जागेत, इतर गाड्यांपासून 15 मीटरवर, दोरी बांधून उभी केली होती. पॅकचा विजेचा मार्ग तोडणारा सर्व्हिस प्लग काढून कुलपात ठेवला होता. 12 व्होल्टची छोटी बॅटरीही सोडवली होती. त्यामुळेच गाडी मुकी झाली होती. पॅकमध्ये वीज असली तरी पॅकचा कंट्रोलर जागा व्हायला ते 12 व्होल्ट लागतात.

प्लग बाहेरच ठेवून त्याने छोटी बॅटरी जोडली, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर लावली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पॅकची तब्येत 94 टक्के. खाली सेलच्या व्होल्टेजची लांबलचक यादी, शंभरच्या आसपास. 3.292, 3.294, 3.293, 3.291. सगळे एका ओळीत. एकच 3.284.

"हा बघा सर," त्याने बोट ठेवलं. "पुढचं डावं मॉड्युल."

पोचा होता तोच कोपरा.

"एवढ्याशा फरकाने काय होतं?" मी विचारलं.

"आज काही सांगता येणार नाही. उद्या परत बघू."

ते सेल लिथियम-लोह-फॉस्फेटचे होते. त्यांचा चार्ज उतरत गेला तरी व्होल्टेज बराच काळ सपाट राहतं. त्यामुळे व्होल्टच्या हजारातल्या दहा-वीस भागांचा फरकही मोठा. दुसऱ्या दिवशी तो सेल 3.276 वर होता. तिसऱ्या दिवशी 3.265. बाकीचे होते तिथेच. त्या एका सेलमध्ये आतल्या आत गळती चालू होती. इन्सुलेशनही, म्हणजे पॅकची वीज गाडीच्या पत्र्यात झिरपत नाही ना हेही, तपासलं. व्होल्टमागे 500 ओहमची कसोटी लावली तर 320 व्होल्टला 1 लाख 60 हजार ओहम हवेत, मीटरवर 2 मेगाओहमच्या वर आकडा आला. अख्ख्या पॅकमध्ये एक मॉड्युल आजारी, बाकी सगळी धडधाकट.

तिसऱ्या दिवशीचा आकडा वाचला तेव्हा मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. वाईट यासाठी की एका मॉड्युलच्या बदलीने ही गाडी वाचली असती.

तीन दिवसांच्या वाचनांचं दोन पानी टिपण केलं आणि बोली पुन्हा मागवल्या, या वेळी पॅक वेगळा दाखवून. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी नोंदणीकृत माणसाकडेच जायला हवी. म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोंदणी असल्याशिवाय पॅकसाठी बोली नाही, अशी अट विमा कंपनीकडून लिहून घेतली. पुण्याजवळचा एक जण पुढे आला. जुन्या पॅकची मॉड्युलं तपासून सोलरच्या साठवणीसाठी बांधून देणं हा त्याचा धंदा. माझं टिपण वाचून त्याचा पहिला प्रश्न होता, "तिसऱ्या दिवशीचं वाचन किती वाजता घेतलं?" पहिल्यांदाच कुणीतरी योग्य प्रश्न विचारला होता.

त्याने पॅकचे 1 लाख 30 हजार लावले. या पॅकमध्ये कोबाल्ट, निकेल नाही, त्यामुळे वितळवून माल काढणाऱ्याला त्यात फारसा रस नसतो. पण हेच सेल चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या जास्त सोसतात, म्हणून साठवणीसाठी त्यांना मागणी. चाचांना कळवलं की पॅक दुसरा माणूस नेतोय. ते लगेच म्हणाले, "मग उरलेल्या गाडीचे सव्वादोन घ्या. ती पेटी माझ्या दारात येणार नसेल तर मी पंधरा जास्त देतो."

एकूण 3 लाख 55 हजार. आधीच्या बोलीपेक्षा 1 लाख 45 हजार जास्त. मॅडमच्या हातात पडणारी रक्कम यामुळे बदलली नाही, त्यांना आयडीव्हीप्रमाणेच मिळालं आणि त्यातून बँकेचं कर्ज फिटलं. गाडी सुटी होणार म्हणून नोंदणी रद्द करण्याचा अर्ज त्यांनी आरटीओत दिला. जाण्याआधी मागच्या काचेवरचं स्टिकर निघतंय का बघितलं. ते फाटायला लागलं तेव्हा तसंच राहू दिलं.

महिन्याभराने कामानिमित्त पुण्याला गेलो, तेव्हा त्या माणसाच्या शेडवर मुद्दाम गेलो. पॅक त्याने माझ्यासमोर उघडला नाही, आधीच झालं होतं, पण फोटो दाखवले. हातात 1000 व्होल्टचे रबरी हातमोजे, त्यावर चामड्याचे. झाकणाचे बोल्ट एकेक करून काढलेले. आत तळाची थंड करणारी पट्टी वर दाबली गेली होती आणि एका सेलच्या कडेला नखाएवढी घडी पडली होती. 14 मिलिमीटरच्या पोच्याचा आतपर्यंत पोचलेला परिणाम एवढाच.

मॉड्युलं लाकडी फळीवर ओळीने मांडलेली होती, प्रत्येकावर खडूने व्होल्टेज आणि तारीख. ती सिन्नरकडच्या एका पोल्ट्रीवाल्याकडे जाणार होती. रात्री लाइट गेली की पिल्लांच्या शेडमधले पंखे आणि बल्ब त्यावर चालणार. आजारी मॉड्युल शेडबाहेर, भिंतीपासून लांब, वाळू भरलेल्या पत्र्याच्या पिंपात ठेवलं होतं. पिंपावर पत्रा, पत्र्यावर वीट.

परवा घोटीच्या बायपासवर मागून धडक बसलेल्या इलेक्ट्रिक गाडीचं काम आलं. डिकी पूर्ण आत गेलेली. निघण्याआधी वर्कशॉपला फोन करून सांगितलं, गाडी लांब उभी करा, सर्व्हिस प्लग काढा, आणि 12 व्होल्टची बॅटरी सोडवलीत तर सांभाळून ठेवा, मला आज, उद्या आणि परवा, तीनदा वाचन घ्यायचंय.