नावासकट चूक

पंचवीस वर्षं मोल्डिंग, म्हणजे धातू ओतायचे वाळूचे साचे, करणाऱ्या आमच्या एका जर्मन सहकाऱ्यानं गेल्या आठवड्यात कामाच्या ग्रुपवर स्वतःच्या बिघडलेल्या कास्टिंगचा फोटो टाकला. ब्लोहोलच ब्लोहोल, म्हणजे वायू अडकून पडलेली भोकं. खाली नावासकट लिहिलं होतं, वाळूत पाणी जास्त झालं, मी तपासलं नाही. तासाभरात कंपनीच्या बाकीच्या कारखान्यांतून उत्तरं आली. कुणी ओलावा किती ठेवतो ते सांगितलं, कुणी साच्यातला वायू बाहेर जायचे व्हेंट कुठं वाढवले ते. मी बराच वेळ तो फोटोच बघत बसलो.

बेळगावच्या उद्यमबागेत, फाउंड्रीत मी आठ वर्षं काढली. असला तुकडा आमच्याकडं संध्याकाळच्या आत भट्टीत परत जायचा. कुणाच्या पाळीतला ते कळायला नको.

आमचे मिस्त्री वाळू मुठीत दाबून मोडायचे. कडा नीट राहिल्या तर ठीक, तळव्याला चिकटली तर पाणी जास्त. जुलैतला बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. तशातही बेंटोनाइट, म्हणजे वाळू धरून ठेवणारी माती, आणि पाणी ते असं जमवायचे की रिजेक्शन वाढायचं नाही. प्रमाण विचारलं की म्हणायचे, "बघत राहा की रे." फार राग यायचा. फोटो बघून तोच राग पुन्हा वर आला.

पण या जर्मन माणसाकडं माइस्टर, म्हणजे उस्ताद कारागिराच्या, परीक्षेचा कागद आहे. चूक कबूल केली म्हणून त्याला कुणी घरी पाठवणार नाही. मिस्त्रींकडं कसलाच कागद नव्हता, हातातलं प्रमाण हीच ठेव. ते वहीत उतरलं असतं तर त्यांच्या जागी निम्म्या पगारात पोरगा ठेवता आला असता. मी त्यांना दोष देणार नाही. आणि मला तीन वर्षं शेजारी उभं केलं, ते शिकवणंच होतं. इथं या कंपनीत ओलावा मोजायचं यंत्र बंद पडलं त्या दिवशी मूठ दाबून मीच सांगितलं, पाणी कमी करा. बरोबर निघालं.

झेरॉक्स कंपनीनं १९९० च्या दशकात दुरुस्तीवाल्यांच्या युक्त्या 'युरेका' नावाच्या संगणकीय साठ्यात जमवल्या. प्रत्येक युक्तीबरोबर ती सांगणाऱ्याचं नाव राहायचं. उद्यमबागेत असं नाव कुणी लिहिलं असतं तर?

काल मुठीची पद्धत फोटोंसह ग्रुपवर टाकली. खाली मिस्त्रींचं नाव घातलं. आधी फोन करून विचारलं होतं.

"घाल की," म्हणाले. "वाळूतल्या कोळशाच्या पुडीचं मात्र अजून नको."

ते मी लिहिलेलं नाही.